विकण्याआधीची धार

गेल्या हिवाळ्यात आमच्या पेठेतील एक जुनी खानावळ बंद झाली. पातेली, पराती आणि पितळी डाव मोडीत घ्यायला आलेल्या भांडेवाल्याने बाकीचा सगळा ऐवज तागडीत टाकला, पण सुऱ्यांचा पत्र्याचा डबा मात्र पायाने बाजूला सारला. मुठी लाकडाच्या, पाती झिजलेली, वजन काही भरत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्या डब्यात २६ सुऱ्या, ३ विळ्या आणि एक सत्तूर होता. मालकीणबाईंशी थोडी घासाघीस करून तो डबा मी १,५०० रुपयांना घेतला आणि पुढचे दोन महिने माझ्या मागच्या गॅलरीत त्याचेच काम चालले. वापरलेली सुरी विकण्याआधी तिला धार लावावी का, आणि लावावी तर कोठवर, या प्रश्नाचा माझ्यापुरता निकाल त्या दोन महिन्यांत लागला.

या विषयात बोलण्याची माझी पात्रता एवढीच, की पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी ३१ वर्षे काढली आणि त्यातील बरीचशी लेथची हत्यारे व ड्रिल यांना धार लावण्यात गेली. निवृत्तीनंतर बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडायची सवय लागली. तेथे बंद पडलेली घड्याळे, सुटे नळ आणि बिनजोडीच्या पितळी कड्या यांच्या शेजारी एखाद्या चादरीवर चार-सहा सुऱ्या पडलेल्या असतात. त्या आणायच्या, नीट करायच्या आणि ओळखीपाळखीत विकायच्या, असा उद्योग सहा वर्षे चालू आहे. त्यातून चहा-साखरेचा खर्च सुटतो असे मी म्हणतो. तोही सुटत नाही असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

जुन्या सुऱ्या विकणारे बहुतेक जण सुरीला धार लावत नाहीत, चकाकी आणतात. कापडी चाकावर पॉलिश लावून पाते असे उजळतात, की गिऱ्हाईक त्यात स्वतःचा चेहरा पाहून खूश होते. या उजळण्यात दोन गोष्टी हातच्या जातात. चाक धारेवरून फिरले की उरलीसुरली धार गोल होते, आणि पात्यावर ठोकलेली छापही पुसट होते. माझ्याकडे एकदा अशी सुरी आली, की जिच्यावर सोलिंगेन या नावाची पहिली चारच अक्षरे शिल्लक होती. सोलिंगेन हे जर्मनीतील पाती घडवणाऱ्यांचे गाव असून त्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. त्या भागात न घडवलेल्या पात्यावर ते नाव घालता येत नाही. म्हणजे जी चार अक्षरे चकाकीपायी गेली, तीच त्या सुरीची निम्मी किंमत होती. तेव्हापासून मी पात्याच्या अंगाला फक्त भांडी घासण्याची पावडर आणि ओला बूच लावतो. गंज असेल तेवढ्याच जागी ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवतो आणि तोही पात्याच्या लांबीने, आडवा कधीच नाही.

खानावळीचा डबा रिकामा केल्यावर पहिले काम सुऱ्या वेगळ्या करण्याचे होते. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढे स्वयंपाकघरे त्याच पोलादाने भरली. परंतु आपल्याकडे लोहाराने घडवलेली साध्या कार्बन पोलादाची सुरी बराच काळ टिकून राहिली आणि घरोघर तिला सरसकट लोखंडी सुरी म्हणतात. या दोहोंची ओळख पटवायला लोहचुंबक लावून पाहणारे फसतात, कारण सुरीसाठी वापरतात ते स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. खरी खूण रंगाची आहे. केळफूल, कच्चे केळे किंवा कैरी चिरून चिरून जिचे अंग करडे-निळसर झाले आहे, ती कार्बन पोलादाची. अशा ७ निघाल्या आणि उरलेल्या १९ स्टेनलेसच्या. करडेपणा हा गंज नव्हे आणि तो घासून काढू नये, हे मी घेणाऱ्याला प्रत्येक वेळी सांगतो, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘घासायचा आळस केला आहे’ असा भाव मला स्पष्ट दिसतो.

धार लावण्याआधी पाहणी करावी लागते, आणि खरे सांगायचे तर मला हेच काम सर्वांत आवडते. सुरीची धार वर करून ट्यूबलाइटखाली धरावी आणि पाते हळूहळू कलते करावे. चांगली धार दिसतच नाही, कारण उजेड परतवण्याएवढी जागाच तिच्यावर नसते. जेथे धार गेली आहे तेथे मात्र केसाएवढी पांढरी रेघ चमकते, आणि जेथे दाता पडला आहे तेथे ठिपका. नंतर सुरी सपाट फळीवर उभी टेकवून पलीकडून उजेड येतो का ते पाहावे. सायकलवरच्या धारवाल्याकडे वर्षानुवर्षे जाणाऱ्या सुरीच्या मुठीकडच्या भागात बहुधा उजेड दिसतोच. चाक गोल असते आणि हात मुठीपाशी क्षणभर थांबतो, त्यामुळे त्या जागी खळगा पडत जातो. अशा सुरीने कांदा चिरला तर चकत्या सुट्या होत नाहीत, खालच्या पापुद्र्याने एकमेकींना धरून राहतात आणि उचलल्यावर त्यांचे तोरण हातात येते. गृहिणी म्हणते, सुरीला धार नाही. वास्तविक धार असते, फळीशी तिची गाठ पडत नसते. खानावळीच्या २६ पैकी ९ सुऱ्या अशा तोरणवाल्या होत्या.

तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही, गाजराला दिसतो. सुरीचे पाते पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असते. दर धारेला थोडे पोलाद जाते, धार पाठीच्या दिशेने सरकते आणि हळूहळू जाड भागात येऊन बसते. मग ती कागद सपासप कापते, पण गाजरात शिरल्यावर पाचरीसारखी वागते आणि गाजर चिरले न जाता तडकते. अशा सुरीला धार लावून विकणे ही मी फसवणूक समजतो. तिला आधी दोन्ही बाजूंनी पातळ करावे लागते, आणि एका सुरीला त्यापायी माझा अख्खा दुपारचा वेळ जातो.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात घाई करण्यासाठी मी टूलरूमच्या सवयीने बेंच ग्राइंडर वापरत असे. एक जुनी कार्बन पोलादाची सुरी, शिसवी मूठ आणि पितळी रिवेट असलेली, मी चाकाला लावली आणि बोलण्याच्या नादात क्षणभर जास्त दाबली. टोकाजवळ आधी गवती पिवळा आणि पाठोपाठ निळा रंग चढला. पोलादावर निळा रंग सुमारे ३०० अंश सेल्सियसला येतो, आणि सुरीला पाणी देताना, म्हणजे तिचे पोलाद कठीण करताना, तिचा ताठरपणा बेताचा करण्यासाठी दिलेली आच साधारण २०० अंशांच्या आतबाहेर असते. म्हणजे त्या क्षणी तेवढ्या जागेचे पाणी मी उतरवून टाकले होते. लेथच्या हत्याराचे हाय-स्पीड पोलाद एवढ्या आचेला भीक घालत नाही, म्हणून हाताला भीती राहिली नव्हती. निळा रंग पॉलिश पेपरने पुसला की सुरी दिसायला जशीच्या तशी होते, आणि मी ती तशीच विकली. दोन आठवड्यांत ती परत आली; सगळीकडे धार आहे, टोकाशीच टिकत नाही, असे घेणाऱ्याने सांगितले. मी पैसे परत केले. ती सुरी अजून माझ्या खणात आहे आणि तिने मी सुतळी कापतो.

त्यानंतर चाक बंद झाले आणि दगड आला. आजोळी विळीसाठी असलेल्या दगडाला निसणा म्हणत. तो नदीतून आणलेला होता. माझा दगड हार्डवेअरच्या दुकानातील दुतोंडी कार्बोरंडमचा आहे, एक बाजू भरड आणि दुसरी बारीक. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकी संशोधकाला १८९१ मध्ये, विजेच्या भट्टीत दुसरेच काही करू पाहताना, हा पदार्थ हाती लागला आणि आज तो कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. दगड पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा आणि खाली ओले फडके घालून ओट्याच्या कडेशी आडवा मांडायचा.

कोनाचा लोकांना फार धाक वाटतो, पण तो शाळेतल्या त्रिकोणमितीएवढाच अवघड आहे. पात्याची रुंदी ४५ मिलिमीटर असेल आणि दर बाजूला २० अंश हवे असतील, तर पाठ दगडापासून सुमारे १५ मिलिमीटर वर धरावी लागते. १५ अंशांसाठी साडेअकरा पुरतात आणि २५ अंशांसाठी १९ लागतात. मी रुपयाच्या नाण्यांची तेवढ्या उंचीची चळत दगडाशेजारी ठेवतो, दर आठ-दहा हातांनंतर पाठ तिच्याशी पडताळतो आणि हात बसला की चळत काढून घेतो. युरोपी धाटणीच्या सुऱ्यांचे पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर ५५ ते ५८ च्या घरातले असते आणि त्याला २० अंश मानवतात. जपानी सुऱ्या ६० च्या पुढे जातात, त्यांना १५ अंश पेलतात, पण हाडावर किंवा सुक्या खोबऱ्याच्या वाटीवर मारल्या की त्यांचे तुकडे उडतात. खानावळीच्या डब्यात अर्थातच जपानी काही नव्हते.

भरड बाजूवर एका अंगाने घासत गेले की पलीकडच्या अंगाला धातूची बारीक कंगोरी उभी राहते. कारखान्यात आम्ही तिला बर म्हणत असू. ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या पलीकडे निसटू देत फिरवला की नखाला अडल्यासारखी लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली म्हणजे घासणे धारेपर्यंत पोहोचले, आणि त्याच्या पुढे घातलेला प्रत्येक हात हा घेणाऱ्याच्या सुरीचे आयुष्य माझ्या हौसेपायी कमी करणारा असतो. मग बाजू बदलायची, मग बारीक दगड, आणि शेवटी बर काढून टाकण्यासाठी अगदी हलके, आलटून-पालटून एकेक हात. खाली साचलेला करडा गाळ मी मुद्दाम धुवून टाकत नाही. तो पांढऱ्या बशीत वाळवून पाहिला तर चिमूटभर भरतो. तेवढे पोलाद गेलेले असते आणि ते परत येत नाही. या जोडीला व्ही आकाराच्या खाचेतून सुरी ओढण्याची जी छोटी यंत्रे मिळतात, त्यांच्या खाली पडणारा कीस एकदा जरूर पाहावा.

एवढे सगळे मांडल्यावर निष्कर्ष सोपा वाटतो, की बेताने, हाताने, दगडावर धार लावावी आणि मग सुरी विकावी. चार वर्षे मीही हेच मानत होतो.

मग शेजारच्या इमारतीतील एका वहिनींनी माझ्याकडून भाजीची एक लहान सुरी घेतली. मी ती १,००० नंबरच्या जपानी दगडावर उतरवली होती, कातडी पट्ट्यावर फिरवली होती, आणि वर्तमानपत्राच्या कागदाची सुतळीएवढी पट्टी कापून दाखवण्याचा माझा नेहमीचा खेळही करून दाखवला होता. चौथ्या दिवशी त्या अंगठ्याला चिंधी बांधून आल्या. “काका, सुरी छान आहे, पण मला नको,” असे त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले. मी नेहमीचे उत्तर दिले, की बोथट सुरीनेच जास्त कापते, कारण तिला जोर द्यावा लागतो आणि ती सटकते. त्यावर त्यांनी ओट्यावरची भेंडी उचलून ती कशी चिरतात ते दाखवले. भेंडी डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, पाते स्वतःच्या दिशेने, आणि प्रत्येक चकतीच्या शेवटी सुरी येऊन थांबते ती उजव्या अंगठ्याच्या पेरावर. त्या पेरावर आडव्या काळ्या रेघांचे जाळे होते. माझ्या आईच्या अंगठ्यावरही ते होते. केळफुलाच्या चिकाने आणि लोखंडी सुरीच्या काळेपणाने भरलेल्या त्या रेघा लिंबू चोळूनही जात नसत.

बोथट सुरी धोक्याची असते हे फळीवर चिरणाऱ्यांचे सत्य आहे. जिचा अंगठा हाच चिरण्याचा पाट आहे, तिला अंगठ्यावर येऊन थांबणारी सुरी हवी असते. तिच्या सुरीची धार भेंडीला पुरेल एवढी आणि कातडीला लागणार नाही एवढी असावी लागते, आणि तेवढी ती वापराने आपोआप आलेली असते. मी ती मोठ्या कौशल्याने घालवून टाकली होती. आमच्या पिढीच्या निम्म्या स्वयंपाकघरांत अजूनही भाजी हातातच चिरली जाते, आणि ज्या परदेशी पद्धतीवरून मी २० आणि १५ अंश शिकलो होतो, तिच्यात हा अंगठा कोठेच नव्हता.

म्हणून खानावळीच्या सुऱ्यांच्या वेळी मी क्रम बदलला. दाते काढणे, खळगा सरळ करणे, पाते पातळ करणे ही दुरुस्तीची कामे सगळ्या सुऱ्यांवर आधी केली, कारण त्यांत घेणाऱ्याच्या आवडीचा प्रश्न येत नाही. धार मात्र भरड दगडावर आणून सोडली. घेणारे दारात आले की पहिला प्रश्न विचारायचा: “भाजी हातात चिरता की फळीवर?” फळीवर म्हणाले की २० अंश, बारीक दगड, पट्टा. हातात म्हणाले की २५ अंश, बारीक दगडावर चार-पाचच हात, आणि मुठीकडचा दोन बोटे भाग त्याहून बोथट, कारण अंगठा बहुधा तेथेच टेकतो. शेवटचे काम त्यांच्यासमोर करायला दहा मिनिटे लागतात, तेवढ्यात चहा होतो. काही जण घरी जाऊन सासूबाईंना विचारून येतात. ज्या वहिनींचा अंगठा कापला होता, त्यांनी याच डब्यातील एक लोखंडी सुरी नेली आणि ती परत आलेली नाही.

विळ्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण विळीत पाते स्थिर असते आणि हात हलतो. तिचे वळणदार पाते दगडावर फिरवता येत नाही, दगडाचा तुकडाच पात्यावर फिरवावा लागतो. जेथे पाते पाटाच्या बिजागरीत बसते, तेथे तीस-चाळीस वर्षांचे पिठले आणि गंज एकजीव झालेले होते. ते काढायला धारेपेक्षा जास्त वेळ गेला. तिन्ही विळ्या खंडेनवमीला पुजायला हव्यात म्हणून एकाच आठवड्यात गेल्या. जमिनीवर बसून चिरणारे किती जण उरले आहेत, हे मी विचारले नाही.

काही पाती मी धार न लावताच विकतो आणि तसे स्पष्ट सांगतो. करवती दात्यांची पावाची सुरी सपाट दगडावर घालणे म्हणजे तिचे दाते घालवणे. एकाच बाजूने उतार असलेली, मासे कापण्याची जपानी सुरी कधी हाती आलीच, तर तिची मागची बाजू किंचित खोलगट असते आणि ती चुकीच्या घासण्याने कायमची बिघडते. एखादे जुने, छाप शाबूत असलेले पाते संग्रहासाठी घेणाऱ्याला तर माझी धार ही खोटच वाटते.

बाकीचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. लाकडी मुठींना जवसाचे तेल द्यावे, कारण ते वाळून घट्ट होते. गोडेतेल चिकट राहते आणि त्याला वास येतो. पावसाळ्यात कार्बन पोलादाच्या पात्यावर खोबरेलाचे बोट फिरवून ठेवावे. बाहेरगावी पाठवताना पाते जाड पुठ्ठ्यात, टोकाला दुहेरी घडी घालून बांधावे. १८९८ च्या टपाल कायद्यातही नीट न झाकलेले धारदार हत्यार टपालाने पाठवू नये, असे कलम होते, आणि पाकिटात हात घालणाऱ्याचा विचार करता ते कलम शहाणपणाचेच होते. एक धाकटा भाचा मला नेहमी शस्त्र कायद्याची भीती घालतो. त्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे खरा, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत, हे त्याला दर दिवाळीला सांगावे लागते.

डब्यातील शेवटचा ऐवज म्हणजे सत्तूर. त्याच्यावर मी दोन दिवस घालवले. हाडाचे काम म्हणून कोन चांगला रुंद ठेवला, दाते काढले, मुठीचा हललेला रिवेट पुन्हा ठोकून बसवला. ओळखीचा खाटीक तो पाहायला आला. त्याने सत्तूर हातात तोलला, धारेवरून अंगठा आडवा नेला, आणि ही धार तो दुकानात गेल्या गेल्या उतरवून स्वतःची लावणार आहे, तेव्हा माझ्या धारेचे पन्नास रुपये कमी करावेत, असे म्हणाला. मी ते कमी केले.